व्हिडिओ गेम खरंच महागले का?

जून २०२५मध्ये निन्टेन्डोचा ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ८० डॉलरची किंमत घेऊन आला आणि जगभरच्या खेळाडूंनी त्यावर एकच ओरड केली. मोठ्या कंपन्यांच्या गेमची किंमत ६० डॉलरवरून ७०वर जायला पंधरा वर्षं लागली होती. ७०वरून ८०वर जायला पाचसुद्धा लागली नाहीत. त्याच सुमारास मायक्रोसॉफ्टनं ‘द आउटर वर्ल्ड्स २’ची किंमत ८० डॉलर जाहीर केली आणि टीका झाल्यावर काही आठवड्यांत ७०वर माघार घेतली. ओरड करणाऱ्यांना उत्तर देणारेही लगेच पुढे आले. नव्वदच्या दशकात हेच गेम सत्तर-ऐंशी डॉलरना मिळत होते, तेव्हाच्या डॉलरची आजची किंमत धरली तर खेळाडूला इतके स्वस्त गेम कधीच मिळाले नव्हते, असं त्यांचं म्हणणं. दोन्ही बाजूंचे आकडे खरे आहेत, तरी वाद सुटत नाही. याचं कारण दोन्ही बाजू छापील किमतीबद्दल बोलत असतात, आणि गेल्या वीस वर्षांत गेमवर होणाऱ्या खर्चाशी छापील किमतीचं नातं सैल होत गेलं आहे. छापील किंमत खरोखर उतरली आहे. पण खेळायला किती पैसे लागतील हे आधी कळण्याची सोय त्याच काळात खेळाडूच्या हातून निसटली, आणि माझ्या मते खरी महागाई तिथे आहे.

आधी छापील किमतीचा हिशेब नीट मांडू, कारण तो बहुतेक लोकांच्या समजुतीच्या उलट आहे. १९७७मध्ये अटारी २६०० हे यंत्र १९९ डॉलरना बाजारात आलं. आजच्या डॉलरमध्ये ही रक्कम हजाराच्या पुढे जाते. १९९२मध्ये सुपर निन्टेन्डोवर ‘स्ट्रीट फायटर २’ आला. त्याची कॅसेट अमेरिकेत ७० डॉलरच्या आसपास विकली गेली, म्हणजे आजचे सुमारे १६० डॉलर. ही कॅसेट उघडून पाहिली तर तिच्या किमतीचा उलगडा होतो. आत १६ मेगाबिटची, म्हणजे फक्त दोन मेगाबाइटची, रॉम चिप होती. आजच्या मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा त्यात मावेल न मावेल. पण त्या काळी एवढ्या क्षमतेची चिप हाच गेमच्या निर्मितीतला मोठा खर्च होता. शिवाय बाहेरच्या कंपन्यांना निन्टेन्डोच्या यंत्रासाठी गेम काढायचा तर कॅसेटही निन्टेन्डोकडूनच बनवून घ्याव्या लागत, त्याही आगाऊ पैसे भरून. माल खपला नाही तर तोटा त्या कंपनीचा. गेम मोठा झाला की चिप मोठी, चिप मोठी झाली की किंमत मोठी, असं ते सरळ गणित होतं. सेगाच्या ‘व्हर्च्युआ रेसिंग’च्या कॅसेटमध्ये १९९४ साली त्रिमितीय चित्रांसाठी वेगळा प्रोसेसरच बसवलेला होता आणि तिची किंमत १०० डॉलर होती. पुढच्या वर्षी आलेला ‘फँटसी स्टार ४’ही शंभरालाच विकला गेला.

सोनीच्या प्लेस्टेशननं हे गणित मोडलं. कॅसेटऐवजी सीडी आली. सीडी छापायला लागणारा खर्च चिपच्या तुलनेत नगण्य, आणि खपेल तशी पुन्हा छापून घेता येत असल्यानं गोदामात माल पडून राहण्याची भीतीही कमी. किमती ४० ते ५० डॉलरवर उतरल्या आणि प्लेस्टेशन २च्या काळात ५० डॉलर हा जणू ठरलेला भाव झाला. २००५मध्ये एक्सबॉक्स ३६०बरोबर ६० डॉलर आले, २०२०मध्ये ७०, आणि २०२५मध्ये काही मोजक्या गेमसाठी ८०. या आकड्यांना महागाईचा निर्देशांक लावला की चढण दिसते तिथे उतार दिसू लागतो: २००५चे ६० डॉलर म्हणजे आजचे शंभराच्या जवळ, २०२०चे ७० म्हणजे आजचे ८५हून थोडे अधिक. म्हणजे ज्या ८० डॉलरवर एवढा गदारोळ झाला, ते वीस वर्षांपूर्वीच्या ६० डॉलरपेक्षा खऱ्या अर्थानं कमी आहेत.

यावर पहिला आक्षेप असा, की महागाईचा निर्देशांक घरभाडं, धान्य, दवाखाना यांची सरासरी सांगतो, खिशात उरलेल्या पैशाबद्दल काही सांगत नाही. भाडं आणि शिक्षण महागलं तर गेमसाठी उरणारे पैसे कमीच होणार. आक्षेप रास्त आहे, म्हणून गेमची किंमत मजुरीच्या तासांत मोजून पाहू, आणि तीही सर्वांत कंजूस मजुरीत. १९९२मध्ये अमेरिकेत केंद्र सरकारनं ठरवलेलं किमान वेतन तासाला सव्वाचार डॉलर होतं. ‘स्ट्रीट फायटर २’साठी साडेसोळा तास राबावं लागे. २००९मध्ये ते सव्वासात डॉलर झालं, तेव्हा ६० डॉलरचा गेम साडेआठ तासांच्या आत पदरात पडत होता. त्यानंतर हे किमान वेतन आजतागायत एका सेंटनंही वाढलेलं नाही. त्यामुळे ७० डॉलरच्या गेमला आता पावणेदहा तास लागतात आणि ८० डॉलरच्या गेमला अकरा. बऱ्याच राज्यांनी आपापलं किमान वेतन यापेक्षा बरंच वर नेलं आहे हे खरं, पण सगळ्यांनी नाही. महागाईच्या निर्देशांकावर विसंबून खेळाडूंना गप्प करणाऱ्यांच्या हिशेबात ही बाब येत नाही: तीस वर्षांचा विचार केला तर गेम स्वस्त झाला, पण तळाच्या मजुरीवर जगणाऱ्यासाठी गेल्या पंधरा वर्षांत तो महागला. आज पंचविशीत असलेल्या माणसाला १९९२ची कॅसेट आठवण्याचं कारण नाही. त्याची तुलना त्याच्या शाळेच्या दिवसांशी असते, आणि ती तुलना खोटी नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल जातो. गेमची किंमत महागाईबरोबर चढायला हवी होती असं गृहीत तरी का धरायचं? कॅसेटमध्ये चिप होती, तिला दुकान लागे, ट्रक लागे. डाउनलोड होणाऱ्या गेमची आणखी एक प्रत काढायला जवळपास काहीच लागत नाही. कंपन्या यावर निर्मितीखर्चाकडे बोट दाखवतात, आणि तो खर्च अचाट वाढला आहे यात शंका नाही. २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका खटल्यात अमेरिकी न्यायालयात आलेल्या सोनीच्या कागदपत्रांतून ‘द लास्ट ऑफ अस: भाग २’वर २२ कोटी डॉलर आणि ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’वर २१ कोटी २० लाख डॉलर खर्च झाल्याचं उघड झालं. पण ही अर्धीच बाजू आहे, कारण गिऱ्हाईकही तितकंच वाढलं. सुपर निन्टेन्डोवरच्या ‘स्ट्रीट फायटर २’च्या साठ लाखांवर प्रती खपल्या आणि तो त्या काळी मोठा खप मानला गेला, ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’च्या साडेसहा कोटींहून अधिक खपल्या. एकदाच करायचा खर्च दहापट लोकांत वाटला गेला तर प्रत्येकाच्या वाट्याला तो कमीच यायला हवा. तेव्हा ८० डॉलर हा आकडा निर्मितीखर्चातून आला असं मानायला आधार नाही. गिऱ्हाईक कुठवर सोसेल याच्या अंदाजातून तो आला आहे, आणि ‘आउटर वर्ल्ड्स २’ची माघार याचा पुरावा आहे. त्या गेमचा निर्मितीखर्च काही आठवड्यांत कमी झाला नव्हता.

मग कंपन्यांनी पंधरा वर्षं ६० डॉलर का धरून ठेवले? याच काळात पैसे मिळवण्याच्या दुसऱ्या वाटा उघडल्या, हे त्याचं उत्तर. एप्रिल २००६मध्ये बेथेस्डा या कंपनीनं ‘ऑब्लिव्हियन’ या गेममधल्या घोड्यासाठी चिलखत विकायला काढलं. किंमत अडीच डॉलर, आणि एक्सबॉक्सवर तीही डॉलरमध्ये नव्हे तर २०० मायक्रोसॉफ्ट पॉइंटमध्ये. खेळाडू चिडले, पण चिलखत खपलं, आणि पुढे येणाऱ्या जवळपास सगळ्याच गोष्टी या एका व्यवहारात बीजरूपानं आहेत: गेमचे पैसे आधीच घेतलेले असणं, वस्तूचा खेळात फारसा उपयोग नसणं, आणि किंमत खऱ्या चलनात नसणं. २००९पासून ईए या कंपनीच्या फुटबॉलच्या गेममध्ये ‘अल्टिमेट टीम’ आली. पाकीट फोडायचं आणि त्यातून कोणता खेळाडू निघतो ते पाहायचं. आता या कंपनीच्या उत्पन्नाचा सत्तर टक्क्यांहून मोठा हिस्सा गेम विकल्यानंतरच्या अशा चालू सेवांतून येतो. त्यापुढे छापील किंमत म्हणजे प्रवेश फी झाली. ऑनलाइन खेळायचं तर कन्सोलवर वेगळी वर्गणी. पहिल्या दिवशी मित्रांबरोबर खेळायचं तर महागडी आवृत्ती: २०२३मध्ये ‘स्टारफील्ड’ची १०० डॉलरची आवृत्ती घेणाऱ्यांना गेम पाच दिवस आधी मिळाला, म्हणजे साध्या किमतीत घेणाऱ्याला मुद्दाम पाच दिवस थांबवलं. ‘द सिम्स ४’ २०२२पासून फुकट आहे, पण त्याची सगळी जोडपाकिटं छापील किमतीनं घेतली तर हजार डॉलरही पुरत नाहीत.

पैसे घेऊन दिलेल्या वस्तूचं काय झालं हेही या हिशेबात धरायला हवं, आणि ते सहसा धरलं जात नाही. सत्तर डॉलरची कॅसेट खेळून झाली की निम्म्या किमतीत विकता येत होती, भावंडाला देता येत होती, भाड्यानं आणता येत होती. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. परत मिळणारे पैसे वजा केले तर जुन्या कॅसेटची खरी किंमत छापील किमतीपेक्षा खाली येते, आणि जुने गेम महाग होते या युक्तिवादाची धार तेवढी बोथट होते. काही गेम तर विकत घेतल्यावर राहतही नाहीत. युबिसॉफ्टनं २०१४मध्ये विकलेल्या ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद केले, आणि पूर्ण पैसे मोजून घेतलेला गेम, एकट्यानं खेळता येण्याजोगा भागसुद्धा, बंद पडला. त्यातून युरोपात उभ्या राहिलेल्या मोहिमेच्या निवेदनावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियानं २०२४मध्ये कायदाच केला: डिजिटल वस्तू विकताना गिऱ्हाइकाला मालकी मिळत नसून फक्त परवाना मिळतो आहे, हे स्पष्ट सांगावं लागेल.

इथवर वाचून सगळं चित्र काळंच आहे असं वाटेल, पण ते तसं नाही. थोडा धीर असलेल्या खेळाडूला आज जे मिळतं ते याआधी कुणालाच मिळालं नव्हतं. एरिक बॅरोन या एका माणसानं एकट्यानं बनवलेला ‘स्टारड्यू व्हॅली’ २०१६मध्ये १५ डॉलरना आला. किंमत तीच राहिली आणि त्यात वर्षानुवर्षं भर पडत गेली, तीही फुकट. ऑस्ट्रेलियातल्या छोट्या टीम चेरीचा ‘हॉलो नाइट: सिल्कसॉन्ग’ सात वर्षांच्या कामानंतर सप्टेंबर २०२५मध्ये फक्त २० डॉलरना आला. २०२५च्याच एप्रिलमधला फ्रान्सचा ‘क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्स्पेडिशन ३३’ दिसायला कुठल्याही मोठ्या गेमच्या तोडीचा होता आणि ५० डॉलरना मिळत होता. दोन-चार वर्षं जुने गेम स्टीम या ऑनलाइन दुकानाच्या सेलमध्ये छापील किमतीच्या चौथाईत येतात, एपिक दर आठवड्याला एखादा गेम फुकट देतं. त्यामुळे सरासरी किंमत काढणंच मला निरर्थक वाटतं. एक बाजार थांबायला तयार असलेल्यांचा आहे आणि तो स्वस्त होत चालला आहे. दुसरा आत्ताच, सगळ्यांबरोबर खेळायचं असलेल्यांचा आहे आणि तो महागतो आहे. ‘मग थांबा की’ हा सल्ला कादंबरीसारख्या एकट्यानं खेळायच्या गेमला लागू पडतो. ज्या गेममध्ये सोबत खेळणारे असणं हाच खेळ आहे, तिथे दोन वर्षांनी स्वस्तात मिळालेला गेम बहुधा ओसाड असतो. शाळकरी मुलाला तर हा सल्ला देण्यात काही अर्थच नाही, कारण त्याचे मित्र या महिन्यात काय खेळतात हे तो ठरवत नाही.

यंत्रांच्या किमतीत मात्र खरोखर नवं वळण आलं आहे. पूर्वी कन्सोल महाग येई आणि चिप लहान व स्वस्त होत गेल्या की दरवर्षी उतरे. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २०००मध्ये २९९ डॉलरना आला आणि २००४मध्ये १४९ला मिळू लागला. प्लेस्टेशन ५ २०२०मध्ये ५०० डॉलरना आला आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये ५५०वर गेला. निन्टेन्डोनं तर आठ वर्षं जुन्या स्विचची किंमत त्याच महिन्यात ४० डॉलरनं वाढवली. चिप लहान करण्याचा खर्चच आता वाढत चालला आहे, आणि त्यावर अमेरिकेच्या नव्या आयात शुल्काचा बोजा पडला. महागाई धरली तर ५५० डॉलर हे २०२०च्या ५०० डॉलरपेक्षा कमीच भरतात. तरीही वाट पाहणाऱ्याला यंत्र स्वस्तात मिळण्याचा जो हमखास मार्ग होता तो बंद झाला, आणि कमी उत्पन्नाची कुटुंबं नेमकी त्याच मार्गानं या खेळात येत होती.

भारतात आलं की हे सगळे निष्कर्ष वेगळ्या दिशांना फाकतात, आणि डॉलरमधले तक्ते आपल्याला का पुरत नाहीत ते इथे दिसतं. १९९५मध्ये सेगानं शॉ वॉलेस या भारतीय कंपनीशी करार करून मेगा ड्राइव्ह भारतात आणला, कारण आयात केलेल्या यंत्रावर ८० टक्के शुल्क बसत होतं. तरीही त्याची किंमत १८,००० रुपये होती. देशाचं दरडोई वार्षिक उत्पन्न तेव्हा दहा हजार रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे सरासरी माणसाची दीड वर्षाहून अधिक काळाची सगळी कमाई. साहजिकच घराघरांत गेले ते नकली टीव्ही गेम आणि त्यांच्या ‘९९९९ इन १’ कॅसेट, आणि ज्यांच्याकडे तेही नव्हते त्यांनी पार्लरमध्ये नाणं टाकून कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ खेळला, ज्याला मुलं ‘मुस्तफा’ म्हणूनच ओळखत. पुढे सीडी-डीव्हीडीचा जमाना आला तेव्हा मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडपासून गावोगावच्या दुकानांपर्यंत नकली डिस्क मिळत. बहुसंख्य भारतीय खेळाडूंनी प्रत्यक्षात मोजलेली किंमत आणि छापील किंमत यांचा संबंधच नव्हता. प्लेस्टेशन ५ २०२१मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि २०२२च्या अखेरीस ५४,९९०वर गेला. जीएसटी आला तेव्हा कन्सोलला सर्वांत वरच्या २८ टक्क्यांच्या टप्प्यात टाकलं होतं, चैनीची वस्तू म्हणून. एवढं असूनही ही किंमत सरासरी दरडोई उत्पन्नाच्या चार महिन्यांच्या आत बसते. दीड वर्षावरून चार महिन्यांवर: भारतात यंत्र कमालीचं स्वस्त झालं, यात वाद नाही.

गेमचं मात्र उलटं झालं. दहा-बारा वर्षांपूर्वी मोठ्या कंपन्यांचे अनेक पीसी गेम भारतात खास कमी किमतीत, हजार ते पंधराशे रुपयांना, डिस्कवर मिळत. नकली मालाशी टक्कर द्यायची तर एवढंच मागता येईल असा तो हिशेब होता. स्टीमनं नोव्हेंबर २०१५मध्ये रुपयांत किमती दाखवायला सुरुवात केली तेव्हा ही सवलत तिथेही बऱ्यापैकी टिकली. आता तशाच नव्या गेमला साडेतीन ते सहा हजार मोजावे लागतात आणि प्लेस्टेशन ५चा गेम पाच हजारांच्या घरात जातो. या काळात देशातला ग्राहक महागाईचा निर्देशांक दुपटीच्या आतच राहिला. हे गेम तिपटीच्या पुढे गेले. डॉलर साठ रुपयांच्या आसपास होता तो २०२५मध्ये ८७च्या पुढे गेला हे एक कारण. दुसरं कारण जास्त मोलाचं आहे: सगळं डाउनलोडवर आल्यावर स्वस्त देशाच्या दुकानातून महाग देशातल्या गिऱ्हाइकानं खरेदी करणं सोपं झालं, आणि कंपन्यांनी देशोदेशींच्या किमतींतली दरी बुजवायला घेतली. अर्जेंटिना आणि तुर्कस्तानात तर नोव्हेंबर २०२३मध्ये स्टीमनं स्थानिक चलनच बंद करून डॉलर लावला. अमेरिकेत ७० डॉलरचा गेम सरासरी माणसाच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या एक-सव्वा टक्का पडतो. भारतात दरडोई उत्पन्न महिन्याला सतराएक हजार धरलं तर पाच हजारांचा गेम जवळपास तीस टक्के खातो. ज्या देशात गेम इतका महाग पडतो तिथेच तो वेगानं महागतो आहे, हे मला या सगळ्या आढाव्यातलं सर्वांत अन्यायाचं चित्र वाटतं. आणि असे गेम आपल्याही पोरांनी बनवावेत असं वाटणाऱ्यांनी याची दखल घ्यायला हवी, कारण उद्या जो गेम बनवणार तो आज चांगले गेम खेळलेला असायला हवा.

अर्थात बहुसंख्य भारतीय मुलं पाच हजारांचा गेम घेतच नाहीत. २०१६मध्ये जिओमुळे डेटा स्वस्त झाला, २०१८मध्ये पबजी मोबाइल आला, त्यावर बंदी आल्यावर २०२१मध्ये बीजीएमआय ही त्याची भारतीय आवृत्ती आली, आणि खेळण्याची छापील किंमत शून्य झाली. यात खरा लाभ आहे. ज्या घरात कन्सोल कधीच येऊ शकला नसता तिथला मुलगा आज जगातल्या कुणाशीही बरोबरीनं खेळतो. पुण्याच्या सुपरगेमिंगचा ‘इंडस’ही ऑक्टोबर २०२४मध्ये फुकटच आला, कारण या बाजारात पैसे मागून दारात उभं राहता येत नाही. त्याच पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२०मध्ये ‘राजी’ हा गेम एकरकमी किंमत लावून विकला, पण तो मुख्यतः कन्सोल आणि पीसीच्या जागतिक बाजारासाठी. मोबाइलवरच्या शून्य किमतीशी एकरकमी किमतीनं झुंजणं इथल्या छोट्या स्टुडिओला फार अवघड आहे.

पण शून्य किमतीच्या गेममागे कोट्यवधींचा खर्च असतो, आणि तो कुणीतरी भरतोच. बहुतेक खेळाडू एक पैसाही देत नाहीत. थोडे लोक थोडं देतात. अगदी मूठभर लोक भरमसाट देतात, आणि धंदा त्या मूठभरांवर चालतो. त्यांच्यातले काही हौशी श्रीमंत असतात, काही व्यसनी, काही अजाण मुलं. दुकानाची रचना पाहिली की हे कसं घडतं ते कळतं. आधी रुपये देऊन नाणी घ्यायची. नाणी ठरावीक गठ्ठ्यांतच मिळतात, मोठ्या गठ्ठ्याला जादा नाणी बक्षीस. हव्या त्या वस्तूची किंमत सहसा कुठल्याच गठ्ठ्याशी जुळत नाही, म्हणून थोडी नाणी उरतात आणि त्यांच्यासाठी पुन्हा गठ्ठा घ्यावासा वाटतो. कित्येकदा वस्तूही थेट मिळत नाही. नाण्यांनी पेटी घ्यायची आणि पेटीतून ती निघण्याची शक्यता एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. या रचनेत ‘हा पोशाख कितीला पडला’ या प्रश्नाला खरेदी होईपर्यंत उत्तरच नसतं. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं जानेवारी २०२५मध्ये ‘गेन्शिन इम्पॅक्ट’च्या कंपनीला दोन कोटी डॉलरचा दंड लावला. एकात एक गुंतलेल्या नाण्यांमुळे खऱ्या खर्चाबद्दल, विशेषतः मुलांची, दिशाभूल होते, हा त्यातला एक आरोप होता. त्याआधी २०२२च्या अखेरीस ‘फोर्टनाइट’च्या एपिकनं गिऱ्हाइकांना परताव्यापोटी साडेचोवीस कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं होतं, एका बटणानं नकळत होणारी खरेदी आणि पालकांच्या परवानगीशिवाय मुलांकडून वसूल झालेले पैसे, हा त्यामागचा विषय.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो प्रामाणिक आहे: कुणी जबरदस्ती केलेली नाही, पोशाखाशिवायही खेळता येतं, ज्याला परवडतं त्यानं दिलं तर बाकीच्यांना फुकट मिळतं, यात वाईट काय? ऐच्छिक खरेदी वाईट नाही, हे मान्य. श्रीमंत खेळाडूनं हजारो रुपयांचा पोशाख घेऊन इतरांचा खेळ पोसला तर ती उलट न्याय्य विभागणी म्हणता येईल. पण ऐच्छिकपणाला किंमत माहीत असणं ही अट आहे. १९९२मध्ये सत्तर डॉलरची कॅसेट महाग होती आणि ती महाग आहे हे दुकानाच्या काचेबाहेरून दिसत होतं. बापाला नाही म्हणता येत होतं, मुलाला पैसे साठवता येत होते. नाण्यांच्या आणि पेट्यांच्या दुकानात दोघांनाही ते करता येत नाही. त्यामुळे मला ८० डॉलरच्या छापील किमतीची चिंता कमी वाटते आणि फुकट गेमची अधिक. ८० डॉलरवर निदान लोक चिडू शकले, आणि चिडल्यावर एका कंपनीला माघारही घ्यावी लागली.

युरोपीय संघाच्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मार्च २०२५मध्ये यासाठी तत्त्वं मांडली: गेममधल्या वस्तूची किंमत खऱ्या चलनातही दाखवावी आणि नको असलेली नाणी घ्यायला भाग पाडू नये. भारतात ऑगस्ट २०२५मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, पण त्याचा रोख पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे. पोशाखांची नाणी आणि पेट्या हा त्याचा मुख्य विषय नाही. या बाबतीत आपल्याला बाहेरून फार काही उसनं आणायचीही गरज नाही. वेष्टनबंद मालावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापण्याची सक्ती आपल्याकडे कित्येक वर्षांपासून आहे, आणि पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावरही ती छापलेली असते. तोच नियम गेममधल्या दुकानाला लावावा: प्रत्येक वस्तूखाली नाण्यांच्या आकड्याशेजारी रुपयांतली किंमत, पेटी असेल तर हवी ती वस्तू हाती लागेपर्यंत सरासरी किती रुपये जातील तो आकडा, आणि खात्यावर या महिन्यात आजवर किती खर्च झाला त्याची बेरीज. हे तिन्ही आकडे कंपन्यांकडे असतात.